पायाखालचे लाकूड

एप्रिल महिन्यात सहज लागणारे लाकडी दार जुलैत चौकटीत घट्ट बसते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खांदा लावून ढकलल्याशिवाय ते उघडत नाही. मग सुतार येतो, दाराच्या कडेवरून रंधा मारतो आणि दार मोकळे होते. पण पुढच्या उन्हाळ्यात त्याच कडेला बोटभर फट दिसू लागते! पावसाळ्यात दार फुगले होते. उन्हाळ्यात ते आटले.

आता कल्पना करा, की असे एक दार नव्हे, तर तीस फळ्या शेजारी शेजारी बसवून तुमच्या खोलीची सगळी जमीन केली आहे. जुलैत त्या फुगल्या तर जागा कोठून आणतील? आणि एप्रिलमध्ये आटल्या तर? घरासाठी लाकडी जमीन निवडताना हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. दुकानात मात्र बहुधा दुसराच प्रश्न विचारला जातो: “लाकूड कठीण आहे ना?” हे दोन प्रश्न वेगळे कसे, ते आपण पाहू.

लाकडी जमीन मुळात कोठली?

आपल्याकडे तळमजल्याची जमीन शेणाने सारवलेली, कोब्याची किंवा शहाबादी फरशीची असे. लाकूड असे ते माडीला: तुळया, त्यांवर कड्या आणि त्यांवर फळ्या. जुन्या वाड्यांतली ही तक्तपोशी आजही काही ठिकाणी पाहायला मिळते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत मात्र राहत्या खोल्यांना लाकडी जमीन घालण्याची जुनी रीत आहे. त्याचे एक कारण उष्णतेच्या वहनात आहे. लाकूड आणि दगडी फरशी एकाच खोलीत, एकाच तापमानाला असली, तरी फरशी पायाला गार लागते. दगड पायातली उष्णता भराभर ओढून नेतो. लाकूड अगदी सावकाश नेते. ग्रॅनाइटच्या मानाने ओकच्या लाकडाची उष्णतावाहकता दहा पटींहूनही कमी आहे. जिथे बाहेर बर्फ पडते, तिथे हा फरक मोलाचा ठरतो.

अलीकडे आपल्या शहरांतील सदनिकांतही लाकडी जमीन दिसू लागली आहे. तिथे गरज उबेची नसून रूपाची असते. गरज बदलली तरी लाकडाचे गुणधर्म बदलत नाहीत.

‘कठीण लाकूड’ म्हणजे काय?

व्यापारात लाकडाचे दोन वर्ग करतात: कठीण लाकूड आणि मऊ लाकूड. नावांवरून वाटते तसा हा भेद कठीणपणाचा नाही. तो वनस्पतिशास्त्रातला आहे. रुंद पानांच्या, फुले येणाऱ्या झाडांचे लाकूड ते ‘कठीण’: साग, शिसवी, आंबा, ओक, मेपल. सुईसारख्या पानांच्या सूचिपर्णी झाडांचे लाकूड ते ‘मऊ’: देवदार, चीड, पाइन. या हिशेबाने आपली काटेसावर ‘कठीण’ वर्गात जाते. पण तिचे लाकूड इतके हलके आणि मऊ, की ते आगकाड्या आणि खोकी करण्याच्या कामी येते! विमानांच्या खेळण्यांत वापरतात ते बाल्सा तर आणखी मऊ. तेही याच वर्गातले. तेव्हा केवळ वर्गाच्या नावावर विसंबून चालणार नाही.

खरा कठीणपणा मोजण्यासाठी गेब्रिएल यांका या संशोधकाने ऑस्ट्रियात १९०६ साली एक साधी कसोटी सुचवली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी घ्यायची आणि ती निम्म्या व्यासाइतकी लाकडात रुतेपर्यंत दाबायची. त्यासाठी जेवढा भार लागेल, तेवढा त्या लाकडाचा कठीणपणा. व्यासाचा आकडा असा विचित्र का, हे कळण्यासाठी त्या गोळीच्या मधोमध होणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून पाहा. ते अगदी १ चौरस सेंटिमीटर भरेल.

या कसोटीत पांढऱ्या पाइनला सुमारे १७० किलोग्रॅम भार पुरतो. सागाला सुमारे ४८५, अमेरिकेतल्या तांबड्या ओकला सुमारे ५८५ आणि कठीण मेपलला सुमारे ६६० किलोग्रॅम लागतो.

जमिनीला कठीणपणा लागतो, यात शंका नाही. ५० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीने टोकदार टाचेचा बूट घातला आणि निम्मा भार १ चौरस सेंटिमीटरच्या एका टाचेवर आला, तर तेथे दाब २५ किलोग्रॅम होतो. उलट ४,००० किलोग्रॅमचा हत्ती चार पायांवर उभा असेल आणि प्रत्येक पाऊल १,००० चौरस सेंटिमीटरचे धरले, तर दाब फक्त १ किलोग्रॅम! पाइनच्या फळीवर टाचांचे खळगे पडतात ते यामुळेच. टेबलाचे पाय ओढणे आणि भांडे हातातून पडणे हेही असेच प्रसंग.

मग मेपल सर्वांत चांगले, सागाचा क्रमांक त्यानंतर, असे म्हणून थांबायचे का? थांबण्यापूर्वी एक जुनी गोष्ट ऐका. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधली, ती सागवानाची. ब्रिटनमध्ये त्या काळी ओकचा तुटवडा पडला होता. ती नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत जतन करून ठेवली आहे. जहाज म्हणजे वर ऊन आणि खाली पाणी. अशा जागी ओकपेक्षा मऊ असलेला साग का टिकला? याचे उत्तर कठीणपणाच्या कोष्टकात नाही. ते लाकडातील पाण्यात आहे.

लाकडात पाणी कोठे असते?

लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना या नळ्यांच्या पोकळीत पाणी असते. त्याला मुक्त पाणी म्हणू. शिवाय नळ्यांच्या भिंतींतही पाणी मुरलेले असते. ते बद्ध पाणी. झाड तोडल्यावर आधी मुक्त पाणी जाते. त्याने लाकूड हलके होते, पण त्याचे आकारमान बदलत नाही. घागर रिकामी केली म्हणून ती लहान होत नाही, तसेच. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले, की मुक्त पाणी संपलेले असते आणि भिंती मात्र तुडुंब असतात. यानंतर जे पाणी जाते ते भिंतींतले. भिंती बारीक होऊ लागतात आणि लाकूड आटू लागते. पाणी परत मिळाले, की भिंती पुन्हा फुगतात. झाड तोडून शंभर वर्षे झाली तरी ही देवघेव थांबत नाही.

पाण्याचे प्रमाण कसे मोजतात? शाळेच्या प्रयोगशाळेत हवेची भट्टी असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हीही मोजू शकाल. सुताराकडून लाकडाचा एक लहान तुकडा आणा. त्याचे वजन करा. मग तो सुमारे १०३ अंश सेल्सिअसला ठेवा आणि वजन कमी होणे थांबेपर्यंत अधूनमधून तोलत राहा. समजा, आरंभी वजन ५६ ग्रॅम होते आणि शेवटी ५० ग्रॅम भरले. गेलेले पाणी ६ ग्रॅम. ते कोरड्या वजनाशी ताडून पाहायचे: ६ भागिले ५०, म्हणजे १२ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा असतो, हे विसरू नका. म्हणूनच ताज्या तोडलेल्या ओंडक्यात पाण्याचे प्रमाण कधी कधी १०० टक्क्यांच्याही वर भरते!

हवेशी चाललेली देवघेव

लाकूड एका ठिकाणी पुरेसा काळ ठेवले, तर त्यातला ओलावा भोवतालच्या हवेशी जुळतो. याला समतोल ओलावा म्हणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहते. आर्द्रता ५० असेल तर ९, ६५ असेल तर १२ आणि ८० असेल तर १६ टक्के.

आता आपल्या हवेकडे पाहा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते, तर जुलैत ती ८० च्या वर जाते. समुद्राकाठी हवा बारमाही दमट असल्याने हा फरक कमी, देशावर तो जास्त. जाड फळीला हवेशी जुळायला काही आठवडे लागतात. म्हणून ती रोजच्या चढउताराकडे लक्ष देत नाही. ऋतूंचा फेरा मात्र तिला चुकत नाही. देशावरच्या घरात फळीतला ओलावा उन्हाळ्यात ८ आणि पावसाळ्यात १४ टक्के झाला, म्हणजे ६ टक्क्यांचा फरक पडला, असे धरून चालू. पॉलिशने ही देवघेव मंदावते, पण बंद होत नाही.

थंड देशांत हाच खेळ उलट्या ऋतूंत चालतो. तेथे हिवाळ्यात घर तापवतात, त्यामुळे आतली हवा कोरडी पडते आणि जमिनीच्या फळ्यांत फटी दिसतात. उन्हाळ्यात त्या बुजतात.

कोणत्या दिशेने किती?

लाकूड सर्व दिशांनी सारखे आटत नाही. ओंडक्याचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणा. त्यात वर्तुळाकार वलये दिसतात. आता तीन दिशा ठरवू. पहिली खोडाच्या लांबीची. दुसरी केंद्राकडून सालीकडे जाणारी, म्हणजे त्रिज्येची. तिसरी वलयाला स्पर्श करून जाणारी, म्हणजे स्पर्शिकेची.

लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आटतच नाही. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत १,००० मिलिमीटरमागे फार तर १ ते २ मिलिमीटर. त्रिज्येच्या दिशेने ते बरेच आटते आणि स्पर्शिकेच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंतचे शेकडा आकडे असे आहेत:

साग: त्रिज्येने २.५, स्पर्शिकेने ५.८
तांबडा ओक: त्रिज्येने ४.०, स्पर्शिकेने ८.६
कठीण मेपल: त्रिज्येने ४.८, स्पर्शिकेने ९.९

हे आटणे ३० टक्के ओलाव्यापासून शून्यापर्यंत होते. तेव्हा ३० ने भागले, की १ टक्का ओलाव्यामागचा बदल मिळतो. सागासाठी स्पर्शिकेने तो ५.८ भागिले ३०, म्हणजे सुमारे ०.१९ टक्के. आपल्या घरात ६ टक्क्यांचा फरक धरला आहे. म्हणून एकूण बदल सुमारे १.१६ टक्के. १०० मिलिमीटर रुंदीची एक फळी १ मिलिमीटरहून थोडी जास्त हलेल. हे क्षुल्लक वाटते. पण ३ मीटर रुंद खोलीत अशा ३० फळ्या बसतात. एकूण हालचाल साडेतीन सेंटिमीटर! तांबड्या ओकची हीच हालचाल पाच सेंटिमीटरांहून अधिक भरते आणि मेपलची जवळजवळ सहा.

पाहा, कठीणपणात पहिले आलेले मेपल स्थिरतेत शेवटचे ठरले! बास्केटबॉलची मैदाने मेपलची करतात, कारण तेथे कठीणपणा सर्वांत महत्त्वाचा. पण अशा मोठ्या सभागृहांतली हवा यंत्रांनी एकसारखी राखलेली असते. खिडक्या उघड्या असलेल्या आपल्या घराची गोष्ट निराळी. साग थोडा मऊ खरा, पण तो कमी हलतो. शिवाय त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे त्याला वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही. ‘ट्रिंकोमाली’च्या दीर्घायुष्याचे मर्म यात आहे.

फळीचे टोक वाचा

झाड तेच असले तरी फळी कशी कापली यावर पुष्कळ अवलंबून असते. पुढच्या वेळी लाकडाच्या वखारीत गेलात, तर फळीच्या तोंडाकडे, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकाकडे पाहा. तेथे वलयांच्या रेषा फळीच्या रुंदीला समांतर, कमानीसारख्या पसरलेल्या असतील, तर त्या फळीची रुंदी स्पर्शिकेच्या दिशेने आहे. ती जास्त हलेल. रेषा सैनिकांप्रमाणे उभ्या असतील, तर रुंदी त्रिज्येच्या दिशेने आहे. ती निम्म्याहून कमी हलेल. आपल्या खोलीचा हिशेब अशा उभ्या रेषांच्या सागासाठी पुन्हा केला, तर साडेतीनऐवजी केवळ दीड सेंटिमीटर येतो. अशा फळ्या कापताना ओंडक्याची नासाडी अधिक होते. म्हणून त्या महाग पडतात.

आणखी एक सोपी युक्ती आहे: फळी अरुंद घ्यायची. त्याने एकूण हालचाल कमी होत नाही, पण ती अधिक सांध्यांत वाटली जाते आणि प्रत्येक फट लहान राहते.

आडव्या-उभ्या थरांची युक्ती

लांबीच्या दिशेने लाकूड आटत नाही, याचा फायदा माणसाने मोठ्या कल्पकतेने घेतला आहे. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवायचे. एकाचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे. प्रत्येक थराची रुंदीची ओढ शेजारच्या थराची लांबी रोखून धरते. प्लायवूडचे तत्त्व हेच. याच रीतीने जमिनीच्या फळ्याही करतात. वर चांगल्या लाकडाचा एक थर आणि खाली आडवे-उभे थर. अशी फळी अखंड फळीपेक्षा बरीच स्थिर असते.

पण तिचा वरचा थर किती जाड आहे, हे विचारल्याशिवाय राहू नका. साधारण १९ मिलिमीटरची अखंड फळी झिजली, की घासून पुन्हा नवी करता येते, आणि असे अनेकदा करता येते. थरांच्या फळीवर तीन-चार मिलिमीटरचा थर असेल तर तीही एकदोनदा घासता येते. तो थर अर्ध्या-एक मिलिमीटरचा असेल, तर घासताच खालचे प्लायवूड वर येईल.

तिसरा प्रकार लॅमिनेटचा. तो लाकडासारखा दिसतो. पण त्याचा पृष्ठभाग म्हणजे लाकडाचे चित्र छापलेला कागद, वर कठीण पारदर्शक थर आणि खाली लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता. त्यावर ओरखडे कमी पडतात आणि तो स्वस्त असतो. मात्र तो घासता येत नाही आणि सांध्यातून पाणी शिरले तर तक्ता फुगतो. लॅमिनेट घेणे यात गैर काही नाही. लाकूड समजून घेणे मात्र चुकीचे. ओळख सोपी आहे: फळीचे टोक पाहा. वरच्या रेषा टोकापर्यंत उतरलेल्या दिसल्या तर लाकूड. एकजीव तपकिरी तक्ता दिसला तर लॅमिनेट. शिवाय छापील चित्रातील तीच गाठ चार फळ्यांनंतर पुन्हा भेटते. निसर्ग अशी नक्कल कधी करत नाही.

बसवताना

उत्तम लाकूडही घाईने बसवले तर बिघडते. फळ्या ज्या खोलीत बसवायच्या, तेथेच त्या काही दिवस हवेशी जुळू द्याव्यात. भर उन्हाळ्यात वाळलेल्या फळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत ठासून बसवल्या, तर पावसाळ्यात जमीन मधोमध कमानीसारखी उठते. म्हणून भिंतीलगत चारी बाजूंनी सुमारे एक-सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा सोडतात आणि ती भिंतीच्या तळपट्टीखाली झाकतात. खोली मोठी किंवा लाकूड फार हलणारे असेल, तर ही जागा वाढवावी लागते.

खालच्या काँक्रीटचीही परीक्षा घ्यायला हवी. नव्या काँक्रीटमधून बरेच दिवस ओल बाहेर पडत असते. प्लॅस्टिकच्या कागदाचा हातभर चौरस तुकडा त्यावर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस थांबा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर वर लाकूड घालण्याची वेळ आलेली नाही. ही ओल खालून लागली, तर फळीची खालची बाजू अधिक फुगते, वरची कमी. कडा वर उचलतात आणि फळी पन्हळीसारखी होते.

झाडाचा हिशेब

निवड करताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो. चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांतला साग चांगल्या फळीच्या जाडीला येण्यास पन्नास ते ऐंशी वर्षे लागतात. लाकूड कोठून येते, याकडे आता साऱ्या जगाचे लक्ष आहे. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपली शिसवी ज्या डाल्बर्जिया प्रजातीत मोडते, त्या सर्व प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘सायटीस’ करारान्वये जानेवारी २०१७ पासून नियंत्रण आहे. म्हणून लाकूड घेताना ते परवान्याचे आहे का, लागवडीचे आहे का, हे विचारणे हा खरेदीचाच भाग समजा.

आणि टिकाऊपणाकडेही याच दृष्टीने पाहा. साठ वर्षांत वाढलेल्या झाडाची जमीन दहा वर्षांत फुगून, फाटून फेकून द्यावी लागली, तर पन्नास वर्षे वाया गेली. तीच जमीन हवा ओळखून निवडली, टोक वाचून कापून घेतली आणि जागा सोडून बसवली, तर ती साठ वर्षे सहज चालेल. तेवढ्या अवधीत त्याच जागी दुसरे झाड उभे राहू शकते. घराला फरशीच बरी, असा निष्कर्ष तुमच्या हिशेबातून निघाला, तर तोही शास्त्रीयच म्हणावा लागेल.

करून पाहा

१. साग, आंबा आणि खोक्याचे पाइन यांचे सपाट तुकडे घ्या. त्यांवर पांढरा कागद आणि त्यावर काळी बाजू खाली करून कार्बन कागद ठेवा. सायकलच्या दुकानातली एक पोलादी गोळी एक मीटर उंचीवरून सोडा. उमटलेल्या ठिपक्यांचे व्यास मोजा. मोठा ठिपका कोणत्या लाकडावर पडला?

२. घरातील एका लाकडी दाराची फट दर महिन्याच्या एक तारखेला, एकाच जागी मोजा. वर्तमानपत्रातील आर्द्रतेचा आकडा शेजारी लिहा. वर्षाअखेर दोन्हींचा आलेख काढा. फट आर्द्रतेबरोबर बदलते की थोडी मागून?

३. एका खोलीची रुंदी ४ मीटर आहे. जमीन तांबड्या ओकच्या, उभ्या रेषांच्या फळ्यांची आहे. लाकडातील ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर जमीन किती पसरेल? (उत्तर: सुमारे २.७ सेंटिमीटर)